मेणाचा चावा

सिंगापूरच्या निम्म्या लोकसंख्येचे दात मी हातात धरून पाहिले आहेत.

हे वाक्य लिहून होताच समोर मटार सोलत बसलेल्या सुनंदाने, म्हणजे आमच्या सौभाग्यवतींनी, चष्म्यावरून पाहिलं. "निम्म्या?" बरं, पाव. "पाव?" बरं बाई, पुष्कळ लोकांचे. लग्नाला सदतीस वर्षं झाली. मी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीतून तिने निम्मं कापून घेतलं आणि तरी माझ्याकडे भरपूर शिल्लक आहे. मूळ साठा केवढा असेल, तुम्हीच अंदाज करा.

मी दातांचा डॉक्टर नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण मिरजेला गेलो की भावकीतली माणसं अजूनही आ वासून माझ्यासमोर उभी राहतात. मी डेंटल टेक्निशियन. डॉक्टर तुमच्या तोंडात तो थंडगार लगदा भरलेला ट्रे दाबून माप घेतात ना, ते माप आमच्याकडे येतं. आम्ही त्यात प्लास्टर ओतून तुमच्या दातांचा साचा काढतो आणि त्या साच्यावर कॅप, ब्रिज, कवळी, काय हवं ते घडवतो. पेशंटला आम्ही दिसत नाही, आम्हाला पेशंट दिसत नाही. बुकित बातोकला एका औद्योगिक इमारतीच्या पाचव्या मजल्यावर आमची लॅब होती. खाली मोटारींची गॅरेजेस. ते खाली पत्रे ठोकायचे, आम्ही वर दात घासायचो. एकतीस वर्षं मी तिथे बसलो. चेहरा न पाहता माणूस ओळखायची सवय लागली. कोण पेन चावतो, कोण एकाच बाजूने जेवतो, कोण सुपारी फोडतो, सगळं साच्यात लिहिलेलं असतं.

माझी खासियत झोपेत दात खाणाऱ्यांची. अशा माणसांसाठी पारदर्शक, कडक प्लास्टिकचं एक आवरण करतात. वरच्या दातांवर चपलेसारखं बसतं. त्याला स्प्लिंट म्हणतात. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, स्प्लिंटने दात खाणं थांबत नाही. माणूस खातच राहतो, फक्त दातांऐवजी प्लास्टिक खातो. आमच्या लहानपणी पोरगं झोपेत दात खायला लागलं की आई म्हणायची, जंत झालेत, आणि कडू औषध पाजायची. जंतांचा दातांशी काय संबंध, हे मला एकतीस वर्षांत एकाही जंताने सांगितलेलं नाही.

गिऱ्हाइकं एकेक! बेडोकच्या बाजारात ड्युरियन विकणारा एक गृहस्थ होता. ड्युरियन म्हणजे आपल्या फणसाचा गुंड मावसभाऊ. त्या माणसाने माझं पहिलं स्प्लिंट सहा आठवड्यांत मधोमध दुभंगलं. दुसरं चार आठवड्यांत. मी हट्टाला पेटलो. तिसरं असं जाड केलं की त्यावरून लॉरी गेली असती तरी लॉरीचाच टायर बदलावा लागला असता. ते टिकलं. खालची दाढ तुटली. मी ही गोष्ट वर्षानुवर्षं विजयकथा म्हणून सांगत होतो, हे आज लिहिताना लक्षात येतंय.

आणखी एक तरुण जोडपं. वरच्या मजल्यावरची माणसं रोज रात्री कपाटं ओढतात, अशी त्यांनी टाउन काउन्सिलकडे तक्रार केली. चौकशी झाली, तर वरचा फ्लॅट रिकामा! आवाज नवऱ्याच्या जबड्याचा.

"हे घडलेलं नाही," सुनंदा.

"घडू शकलं असतं."

आता जबड्याचं थोडं समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. दोन्ही हातांची पहिली बोटं कानांच्या पुढे ठेवा आणि तोंड सावकाश उघडा. बोटांखाली काहीतरी पुढे सरकलं ना? तोच जबड्याचा सांधा. अंगातले बाकीचे सांधे बरेचसे बिजागरीसारखे. हा बिजागरी आहेच, शिवाय खणासारखा पुढेही सरकतो. मध्ये एक छोटी गादी असते. ती गादी जागची हलली की तोंड उघडताना टक् वाजतं. नुसतं वाजतं, दुखत नाही, तर बहुतेकांना काही करावं लागत नाही. माझंच डावीकडे कॉलेजपासून वाजतंय. पण कधीकधी गादी अडकून बसते, स्नायू आखडतात, तोंड उघडत नाही, कान दुखतो, कपाळ दुखतं आणि माणूस कानाच्या, डोक्याच्या, मानेच्या डॉक्टरांकडे हिंडत राहतो. उपाय साधे असतात आणि सावकाश लागू पडतात. मऊ जेवण, गरम शेक, हलका व्यायाम, रात्री स्प्लिंट. आणि दिवसा ओठ मिटलेले पण दात एकमेकांपासून सुटे. दात एकमेकांना लागायचे ते जेवताना आणि गिळताना, एरवी नाही. वाचता वाचता आत्ता तुमचे दात आवळलेले असतील तर सोडा. आणि जबडा दुखतो म्हणून कोणी तुमचे दात कापायला किंवा घासायला निघालं, तर आधी दुसऱ्या डॉक्टरला विचारा. हे मी का सांगतोय, ते आता येईल.

इथपर्यंतचं तुम्ही सुनंदासारखं निम्मं करून वाचलं असेल. ठीक आहे. इथून पुढचं जसंच्या तसं वाचा. यात मी काही वाढवलेलं नाही. कमी करावंसं मात्र अनेकदा वाटलं.

वरच्या दातांचा एक साचा आणि खालच्यांचा एक, असे दोन साचे आमच्याकडे येतात. पण ते एकमेकांवर नेमके कुठे बसतात, हे साचे सांगत नाहीत. त्यासाठी डॉक्टर गुलाबी मेणाची पट्टी ऊन करून, घोड्याच्या नालेसारखी वळवून पेशंटच्या तोंडात ठेवतात आणि हलकेच चावायला सांगतात. मेणात वरून-खालून दात उमटतात. तो मेणाचा चावा. आम्ही तो दोन साच्यांच्या मध्ये ठेवून ते यंत्रावर बसवतो, म्हणजे पेशंटचा जबडा टेबलावर उभा राहतो. ज्याचे दात टोकदार आहेत, त्याचे साचे मेणाशिवायही एकमेकांत अडकून बसतात. पण वर्षानुवर्षं दात खाऊन ज्याचे दात सपाट झालेत, त्याचे साचे ताटावर ताट ठेवावं तसे कुठेही बसतात. तिथे मेणाला पर्याय नाही.

म्हणून लॅबचा नियम होता. मेण वितळलेलं, वाकलेलं, संशयास्पद असेल, तर काम हातात घ्यायचं नाही. पिवळी चिठ्ठी भरायची, 'चावा नीट नाही, पुन्हा घ्यावा', आणि काम डॉक्टरकडे परत. प्रत्येकाच्या टेबलावर पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असे. माझ्या गठ्ठ्यातली एकही चिठ्ठी वापरलेली नव्हती. वरच्या चिठ्ठीवर धूळ बसली होती आणि ती मी मुद्दाम पुसत नसे. लॅबमध्ये नवीन माणूस आला की तो गठ्ठा दाखवायचो. "हे काय आहे माहीत आहे? हा माझा पुरस्कार आहे."

सेंगकांगला डॉक्टर लिम नावाची एक तरुण चिनी मुलगी दवाखाना चालवते. सरकारी घरांच्या ब्लॉकखाली, एका बाजूला भाजीचं दुकान, एका बाजूला शिकवणी. गुणी मुलगी. तिची सगळी स्प्लिंट्स माझ्याकडे यायची. एरवी स्प्लिंट आलं की डॉक्टर ते तोंडात बसवतात, निळा कागद चावायला लावतात आणि जिथे निळं जास्त उमटेल तिथे घासत बसतात. माझं स्प्लिंट टक्कन बसे. ती फोनवर इथल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणायची, "अंकल, युअर वन नो नीड टू चेक लह. पुट इन, फिनिश." हे वाक्य फ्रेम करून देव्हाऱ्याशेजारी लावायचंच काय ते बाकी होतं. शिवाय माझी एक खास सही होती. स्प्लिंटच्या सपाट पृष्ठभागावर खालच्या दातांसाठी मी अगदी उथळ खाचा पाडायचो. जबडा तिथे आपोआप जाऊन बसावा, पाहुण्याला पाट मांडून ठेवावा तसा.

एके दिवशी डॉक्टर लिमकडून एक काम आलं. चिठ्ठीवर नाव, प्रज्ञा गायकवाड. वय बत्तीस. जबडा दुखतो, तोंड दोन बोटंच उघडतं. (निरोगी तोंडात आपली स्वतःची तीन बोटं, एकावर एक, उभी मावतात. करून पाहा.) मराठी नाव दिसलं की माझा हात जरा जास्तच मायेने चालायचा. पिशवी उघडली. दोन्ही मापं उत्तम. मेणाचा चावा मात्र पार वितळून बसलेला. कुरियरच्या मोटारसायकलचा काळा डबा भर दुपारी उन्हात राहिला असणार. मेणात दातांच्या खुणा होत्या, पण तव्यावर पसरलेल्या तुपासारख्या.

चिठ्ठ्यांचा गठ्ठा हाताशी होता. मी स्वतःला सांगितलं, बिचारीचं तोंड उघडत नाही, पुन्हा माप द्यायला कशाला बोलवायची? हे ऐकायला किती छान वाटतं ना? खरं कारण त्या वरच्या चिठ्ठीवरची धूळ होती.

मी साचे हातात घेऊन एकमेकांवर फिरवले. प्रज्ञाच्या दातांवर दात खाऊन खाऊन आरशासारखे चकचकीत सपाट तुकडे पडले होते. वरचा तुकडा खालच्या तुकड्याशी जुळवत गेलो, आणि एका जागी सगळे तुकडे एकदम जुळले. खट्! कुलपात किल्ली फिरावी तसे. मी शेजारच्याला हाक मारून दाखवलं. "मेण कशाला पाहिजे? दात स्वतः सांगतात." त्याच जागी साचे यंत्रावर बसवले, स्प्लिंट केलं, माझ्या उथळ खाचा पाडल्या, पॉलिश केलं आणि पाठवलं. डॉक्टर लिमचा फोन आला नाही. फोन आला नाही याचा अर्थ टक्कन बसलं.

आठ महिन्यांनी त्याच नावाचं मोठं खोकं आलं. नवीन मापं, नवीन मेण आणि मागणी, 'वीस दातांचे मेणाचे नमुने करून द्यावेत.' म्हणजे काय ते सांगतो. पेशंटचा चावाच बिघडला, तर वीस दातांना कॅप घालून नवा चावा बांधायचा. आधी आम्ही मेणात नवे दात कोरून दाखवायचे, मग डॉक्टर ते पाहून खरे दात कापणार. कॅप घालायची तर दात चारही बाजूंनी कापावा लागतो, खुंट उरेपर्यंत. केस कापले तर वाढतात. नखं वाढतात. मोडलेलं हाडही जुळतं. कापलेला दात मात्र तेवढाच राहतो. बत्तीस वर्षांच्या बाईचे वीस निरोगी दात. पुढच्या शुक्रवारी सुरुवात.

साचे ओतले, या वेळचं मेण चांगलं होतं, त्यावर बसवले. उजवीकडे वरच्या आणि खालच्या दातांमध्ये फट. भाताचं शीत आरपार जावं एवढी. टेकत होत्या फक्त डावीकडच्या शेवटच्या दाढा. आणि तिथल्या दोन दाढांवर घासल्याचे ताजे ओरखडे. डॉक्टर लिमने चावा समतल करायचा प्रयत्न करून पाहिला होता.

आम्ही जुने साचे फळीवर ठेवतो. मी प्रज्ञाचे पहिले साचे काढले, नव्यांच्या शेजारी ठेवले. जबडा डावीकडे आणि पुढे सरकला होता. कुठे सरकला होता? बरोबर तिथेच, जिथे मी खट् म्हणून बसवला होता.

ते चकचकीत तुकडे जिथे जुळतात, तो जबड्याचा मुक्काम नव्हताच. झोपेत जबडा वाकडा ओढून ती जिथे दात खायची, ती ती जागा होती. मी त्या जागेवर पाट मांडला, खाचा पाडल्या आणि तिचा जबडा रोज तिथे डांबून ठेवला.

नमुन्यांचं काम मी बाजूला ठेवलं आणि गप्प राहिलो. एक दिवस, दोन दिवस, तीन दिवस. हे तीन दिवस मला अजून कुठे ठेवावेत कळत नाही. मनात वकील उभा केला होता. डॉक्टरने तपासायला नको होतं का? कुरियरने डबा सावलीत ठेवायला नको होता का? सगळं खरं. पण पिवळी चिठ्ठी माझ्या टेबलावर होती.

चौथ्या दिवशी सकाळी सुनंदाने चहाचा कप समोर ठेवला आणि स्वतःही बसली.

"काय झालंय?"

"कुठे काय?"

"तीन दिवसांत तुम्ही एकही गोष्ट वाढवून सांगितली नाहीत. काल पाऊस पडला तर म्हणालात, पाऊस पडला. आणि झोपेत दात खाताय. जन्मात खाल्ले नव्हते."

मी सगळं सांगितलं. तिने मधे एकदाही "निम्मं" म्हटलं नाही. शेवटी म्हणाली, "मग इथे का बसलात? मला सांगून तिचे दात वाचणार आहेत का?"

डॉक्टर लिमला फोन केला. ती म्हणाली, आज चारला प्रज्ञा फोटोंसाठी येणार आहे, शुक्रवारच्या तयारीचे फोटो. चारही साचे बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कापडात गुंडाळून मांडीवर घेतले आणि बुकित बातोकहून MRT, म्हणजे मेट्रो, पकडली. दोबी घाटला गाडी बदलली, सेंगकांगला उतरून LRT ची छोटी गाडी. शेजारच्या चिनी आजीबाईंनी डब्याकडे बघून मान हलवली, नातवंडांसाठी खाऊ नेतोय असं वाटलं असावं.

प्रज्ञा आधीच आली होती. बारीक, ताठ, कार्यालयातून तशीच आलेली. ओठांच्या एका कोपऱ्यातून बोलत होती, तोंड हलू नये अशा बेताने. मूळची नागपूरची. इथे एका संशोधन संस्थेत इंजिनियर. काम काय, तर धातूंची झीज मोजणं. यंत्रातले भाग एकमेकांवर लाखो वेळा घासायचे आणि कुठे, किती झिजलं ते पाहायचं.

मी घाबरलो की गोष्टी सांगतो. तोंडातून निघालंच, "डॉक्टर, बेडोकला एक ड्युरियनवाला होता—"

"अंकल," डॉक्टर लिम म्हणाली, "स्टोरी लेटर."

मी डबा उघडला. टेबलावर चार साचे मांडले आणि चार वाक्यं बोललो. मेण वितळलेलं आलं होतं. मी ते परत पाठवलं नाही. झिजलेल्या खुणा जुळवून मी जबडा चुकीच्या जागी बसवला. हे मला तीन दिवसांपूर्वीच दिसलं होतं. आयुष्यात इतकं थोडक्यात मी कधी बोललो नव्हतो.

डॉक्टर लिमने साचे उचलले, फिरवले, पुन्हा ठेवले. तिचे कान लाल झाले. "व्हाय यू नेव्हर सेंड बॅक?"

मी काय सांगणार? चिठ्ठीवरची धूळ?

ती साच्यांकडे बघत म्हणाली, "आय ऑल्सो नेव्हर चेक. बिकॉज इट्स युअर्स."

ती शिवी असती तर बरं झालं असतं.

प्रज्ञाने जुने साचे स्वतःकडे ओढले. मी केलं होतं तेच केलं, चकाकणारे तुकडे जुळवत गेली. खट्! ती जागा तिलाही सापडली. मग माझ्याकडे पाहिलं.

"काका, जिथे सगळ्यात जास्त झीज होते, तिथे वस्तू विसावलेली नसते. तिथे ती भांडत असते. हे आमच्याकडे पहिल्या महिन्यात शिकवतात."

"हो."

"तुम्ही किती वर्षं करून राहिले हे काम?"

"अठ्ठावीस."

ती हसली नाही. "आठ महिने," ती म्हणाली, "हे लोक म्हणाले रात्री घाला. दुखायचं, म्हणून मी ऑफिसमध्येपण घालायला लागले. वाटलं, जास्त घातलं तर लवकर बरं होईल. जेवढं घातलं तेवढं दुखलं. सगळे म्हणाले, टेन्शन घेऊ नको. नवरा म्हणाला, सुट्टी घे. आई म्हणाली, जंताचं औषध घे. मलाच वाटायला लागलं का माझ्याच डोक्यात काही बिघडलंय. मी एवढी कमजोर कशी, म्हणून रडायची. तुम्ही तीन दिवसांआधी पाहिलं म्हणता. मी तर तीन दिवस वीस दात कापायची सही करायचं धाडस गोळा करून राहिले होते."

तिने नव्या साच्यावरच्या ओरखड्यांवर बोट ठेवलं.

"या दोन दाढा घासल्या डॉक्टरांनी. त्या?"

"त्या परत येणार नाहीत. वरून भर घालता येईल. पण तुमच्या होत्या तशा नाहीत."

डॉक्टर लिमने ड्रॉवरमधून संमतीचा कागद काढला, त्यावर अजून सही नव्हती, आणि तो उभा फाडला. "फ्रायडे कॅन्सल," ती म्हणाली. पुढचं तिने सावकाश समजावून सांगितलं. दिवसा स्प्लिंट घालणं आजपासून बंद. नवीन स्प्लिंट, संपूर्ण सपाट, फक्त रात्री. दर पंधरा दिवसांनी निळा कागद. शेक, व्यायाम, मऊ जेवण. जबडा परत येईल असं नाही, येऊ शकेल. वाट पाहायची. कापायचं काहीच नाही.

"नवीन स्प्लिंट दुसऱ्या लॅबमध्ये करा," मी म्हणालो. "मी नावं देतो."

प्रज्ञा उठली, पर्स घेतली. दाराशी थांबून म्हणाली, "तुम्हीच करा. दुसरा कोणी असेल तर पहिल्यापासून चुका करेल. तुमची ही एक तरी करून झाली."

मेण मी कुरियरला दिलं नाही. डॉक्टर लिमने घेतलेला चावा माझ्याच जेवणाच्या डब्यात, बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवून, सेंगकांगहून बुकित बातोकला स्वतः आणला. टेबलावर दिव्याखाली धरला. उजव्या मागच्या दाढेची खूण जरा पुसट होती. जराशीच. एरवी मी हसून पुढे गेलो असतो. मी गठ्ठ्यावरची धूळ पुसली, वरची पिवळी चिठ्ठी काढली आणि भरली. अक्षर शाळकरी पोरासारखं आलं. डॉक्टर लिमने तासाभरात उत्तर पाठवलं, "उद्या सकाळी पुन्हा घेते." बस्स, एवढंच. त्या एका ओळीला मी अठ्ठावीस वर्षं घाबरलो होतो.

खाचांची सही मी त्या दिवसापासून सोडली. आता तर लॅबमध्ये मेणही उरलं नाही. डॉक्टर तोंडात कॅमेरा फिरवतात, चावा पडद्यावर उमटतो, उन्हात वितळत नाही. मी गेल्या वर्षी निवृत्त झालो. जाताना नव्या माणसांना सांगितलं, पडद्यावरही संशय आला तर परत पाठवा. पिवळ्या चिठ्ठ्या आता छापत नाहीत. माझ्या गठ्ठ्यातल्या उरलेल्या मी घरी आणल्या. सुनंदा त्यांवर भाजीची यादी लिहिते.

प्रज्ञाचा जबडा सावकाश परत आला. महिने लागले. उजवीकडची फट कागदाएवढी राहिली, मग तीही मिटली. वीस दात तिचे तिच्याकडे आहेत. मागच्या माघात एका रविवारी सकाळी बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या छपराखालच्या खाऊगल्लीत, मी आणि सुनंदा नाश्ता करत होतो. दोन टेबलं पलीकडून कोणीतरी हात हलवला. प्रज्ञा होती, नवऱ्याबरोबर. ती उठून आली, नमस्कार केला आणि उजव्या हाताची तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात घालून दाखवली.

ही गोष्ट मी तेव्हापासून शंभर जणांना तरी सांगितली असेल. दरवेळी सांगतो, तिन्ही बोटं पेरापर्यंत आत गेली, आणि ऐकणारे टाळ्या वाजवतात. सुनंदा तिथे होती. एवढ्या एका बाबतीत तिने मला आजवर अडवलं नाही. पण वर लिहून बसलो आहे की यात काही वाढवलेलं नाही. तर दोन बोटं पेरापर्यंत गेली. तिसरं नखापर्यंत.

"पुरे आहे, काका," ती म्हणाली होती. "भाकरी तुटते." आणि मग, डाव्या गालाला, त्या घासलेल्या दाढांच्या जागी हात लावून, "या बाजूने नाही. त्या बाजूने."